दुसऱ्या नळीतलं काडतूस

मित्रांनो, माझ्या गळ्यात लाखेचं सील लावलेली चिठ्ठी बांधली आहे. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, पण बीडच्या या कोर्टात मला सगळे मुद्देमाल म्हणतात. नाव गेलं याचं मला दुःख नाही. नाव जावं असंच माझ्या हातून घडलं.

कारखान्यात माझ्या दोन नळ्या शेजारी शेजारी जोडल्या आणि खाली दोन चाप बसवले. पुढे गेवराईजवळच्या सुंदररावांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून मला घरी आणलं. उसात रानडुकरं शिरली की ते उजव्या नळीचा बार हवेत काढायचे. डुकरं पळायची. एखादं उलटून अंगावर आलंच तर डावी नळी भरलेली असायची. तशी वेळ कधी आली नाही, पण सवय मात्र पक्की झाली. भरायच्या दोन, झाडायची एक. गावात माझा दरारा होता आणि मीही त्या कौतुकाने चढून गेले होते.

मग सुंदररावांच्या लेकीचं, सायलीचं लग्न आलं. नवरदेवाची वरात मांडवापाशी पोचली तशी पाहुण्यांनी गळ घातली.

"काका, एक बार होऊ द्या की!"

सुंदररावांनी हाताच्या सवयीने दोन्ही नळ्या भरल्या आणि उजवी आभाळाकडे झाडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला खाली घेत ते व्याह्यांकडे वळले आणि त्यांचं बोट दुसऱ्या चापावर पडलं. समोर बँडमधला इरशाद क्लॅरिनेट वाजवत होता. छर्रे त्याच्या डाव्या हातावर बसले. त्या हाताची बोटं गेली.

"झाडली होती रे म्या! आत्ताच झाडली होती!" सुंदरराव ओरडत राहिले. धूर माझ्या तोंडातून निघत होता आणि मला ते तोंड लपवता येत नव्हतं.

आज त्यांचा जबाब होता. वकिलांनी त्यांना पढवलं होतं, "बंदूक जुनी हाय, चाप ढिला हाय, आपोआप सुटली, एवढंच म्हणा." चाप ढिला नव्हता. तरी मला वाटलं, म्हणू देत, तेवढाच माझा भार हलका होईल.

मला पुढे आणलं. न्यायाधीशांनी विचारलं, "हीच का ती बंदूक?"

सुंदररावांनी मला हातात घेतलं, उघडलं आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. मग ते रडू लागले.

"त्या दिशी एवढंच करायचं ऱ्हायलं, साहेब. हिचा काई दोष न्हाई. चाप म्याच दाबला."

त्यांनी मला सोडवलं, पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. छर्रे माझ्याच नळीतून गेले होते. मित्रांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून नुसतंच सांगते, लग्नाच्या मांडवात मला बोलावू नका. तिथे बँड पुरतो.

तेवढ्यात कोर्टाबाहेरून एक वरात वाजत चालली. मागच्या बाकावर बसलेल्या इरशादच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर सूर धरू लागली. डावा हात त्याने खिशातच ठेवला.