चौदाव्या मजल्यावरचं मीठ

क्वेनने पाण्यातलं खत मोजणाऱ्या मीटरचं टोक टाकीत बुडवलं आणि आकडा थांबायची वाट पाहिली. चारशे दहा. तिने मीटर झटकला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा बुडवला. चारशे दहाच. काल संध्याकाळी तिने स्वतःच्या हातांनी दोन्ही बाटल्यांतलं खत मापून घातलं होतं आणि आकडा बाराशेवर आणून ठेवला होता.

पाणी मात्र टाकीवर मारलेल्या खुणेपर्यंत होतं. गळती म्हणावी, तर पाणी कमी व्हायला हवं होतं. पाणी तेवढंच होतं आणि त्यातलं खत नाहीसं झालं होतं.

"पुन्हा?" दारात उभ्या असलेल्या वडिलांनी, तामांनी, विचारलं.

"मीटर बिघडलाय बहुतेक."

"मागच्या आठवड्यात पंप बिघडला होता. त्याच्या आधी दिवे."

"बाबा, पहिल्यांदाच बांधलंय ना मी. शिकतेय."

"मी कुठे काय म्हणालो?" असं म्हणून ताम वळले. गॅलरीपासून जिन्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. दिवसभर त्यांचं हेच चालायचं. शेजारच्या बाईने एकदा विचारलंही होतं, तुमचे वडील काही शोधतायत का म्हणून.

मागच्या खोलीत ऊन येत नव्हतं, म्हणून क्वेनने छताला पांढरे दिवे टांगले होते. भिंतीला टेकवलेला लोखंडी घोडा, त्यावर एकाखाली एक तीन जाड पाइप, पाइपांना वरून भोकं पाडलेली आणि प्रत्येक भोकात जाळीच्या पेल्यात मोहरीचं एकेक रोप. खाली निळी टाकी. माशांच्या पेटीतला छोटा पंप पाणी वरच्या पाइपात चढवायचा. तिथून ते उताराने एकेक पाइप उतरत मुळांना भिजवत परत टाकीत यायचं. उतार जमवायला तिला तीन रविवार लागले होते. कपड्यांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. शेकडो शर्टांतून एक उसवलेली शिवण तिला लांबून दिसायची. इथला दोष मात्र तीन आठवडे झाले तरी सापडत नव्हता.

आणि तो सापडायलाच हवा होता. गावी, बेनत्रेला, नदीतून समुद्राचं खारं पाणी वर चढलं, त्या उन्हाळ्यात तामांची पपनसाची बाग वाळून गेली. एकशे चाळीस झाडं. त्यानंतरही दोन वर्षं ते तिथे एकटेच राहिले, वाळलेल्या झाडांमध्ये. गेल्या चैत्रात बागेतल्या चरात भोवळ येऊन पडले आणि शेजाऱ्यांना दुपार टळल्यावर सापडले. तेव्हा क्वेन जाऊन त्यांना घेऊन आली. आता त्यांच्या बहिणीचा मुलगा तोआन मागे लागला होता, बाग खणून कोळंबीचं तळं करू या म्हणून. एकदा खणून समुद्राचं पाणी आत घेतलं, की त्या मातीत पुन्हा पपनस नाही, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

ताम ना हो म्हणत होते, ना नाही. क्वेनने पाइप आणले तेव्हा मात्र त्यांनी एकदाच सांगितलं होतं:

"एवढ्याशा नळ्यांत पानं धरतात का, ते बघू. धरली तर राहतो इथे आणि तोआनला खण म्हणतो. नाही धरली तर मी आपला जातो."

ते गमतीने बोलले असतील. क्वेनने ते गमतीत घेतलं नव्हतं.

म्हणून पानं पिवळी पडायला लागली तशी ती थू डुकच्या बाजारात भाजीवाल्या हान मावशीकडे जायला लागली. कारखाना सुटल्यावर मावशीच्या वाफ्यातली ठणठणीत मोहरीची रोपं घ्यायची, बाजारातल्याच नळावर त्यांची मुळं धुऊन माती काढायची, डब्यात ठेवून घरी आणायची आणि वडील अंघोळीला गेले की पिवळ्यांच्या जागी बसवायची.

"परवा बारा, आज चौदा," हान मावशी म्हणाली होती. "तू ही खातेस की पुरतेस गं?"

"वाटते शेजाऱ्यांना."

"मग शेजाऱ्यांना सांग, पाणी घालत जा म्हणावं."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर कारखान्यातली वीज गेली. तासभर वाट पाहून मुकादमाने सगळ्यांना घरी सोडलं. क्वेन अडीच वाजता घरी पोचली. दार लोटलेलं होतं, पंप बंद होता. मागच्या खोलीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

ताम विजार गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीपाशी उकिडवे बसले होते. एका हातात भाताचं भांडं. टाकीतलं पाणी भांड्याने बादलीत, बादली मोरीत, मग नळाचं पाणी टाकीत. हात सवयीचा होता, एक थेंब फरशीवर नव्हता. मध्येच त्यांनी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले आणि नकारार्थी मान हलवली. आणखी एक बादली.

"बाबा."

ते दचकले नाहीत. भांडं खाली ठेवलं आणि बोट विजारीला पुसलं.

"आज लवकर आलीस."

"तुम्ही रोज करता हे?"

"रोज नाही. एक दिवसाआड. तू संध्याकाळी काहीतरी घालतेस आणि पाणी खारट होतं. चाखून बघितलंयस का कधी? चैत्रातली नदी बरी." त्यांनी आवाज खाली आणला. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग सांगायचं ना!"

"काय सांगू? की पोरी, झाडं तूच मारतेयस? कारखान्यातून येऊन इतकी राबत होतीस. म्हटलं, आपण गुपचूप धुऊन टाकू. आणि बघ," त्यांनी वरच्या पाइपाकडे हनुवटी केली, "हिरवी झालीच की."

क्वेन तिथेच दाराला टेकून खाली बसली. तिला हसू येत होतं, पण ती हसली नाही.

"ते मीठ नव्हतं, बाबा. खत होतं. पाण्यात विरघळलेलं खत लागतंच खारट. इथे माती नाही, त्यांना तेवढंच खायला."

ताम टाकीकडे वळले.

"म्हणजे मी त्यांचं ताट ओढून घेत होतो."

"तुम्हाला कसं कळणार?"

"चाळीस वर्षं नदीचं पाणी चाखून या जिभेवर बांध उघडले आणि बंद केले," ते म्हणाले. "एकदाही चुकली नाही." मग त्यांनी भांडं उचललं, आत पाहिलं आणि उगाचच पालथं घातलं.

बाहेर खोलीत त्यांचा फोन वाजला. ते उठले नाहीत, म्हणून क्वेनने घेतला.

"मामा, सकाळी तुम्ही रागात होतात का?" तोआन ओरडतच होता. बहुतेक होडीवर होता, मागे इंजीन धडधडत होतं. "नाही म्हणजे नाही, असं कुठे असतं? खणायचं यंत्र सांगून ठेवलंय मी! माती धुणार म्हणता, एकट्याने? या वयात? उभं तरी राहवतं का—"

"तोआन, मी क्वेन बोलतेय."

"ताई! तूच सांग त्यांना. सकाळी फोन केला आणि म्हणाले, बाग खणायची नाही, मी मंगळवारी येतोय. तू काय खायला घातलंस त्यांना?"

"मी करते तुला फोन," म्हणून तिने बंद केला.

ती परत आली तेव्हा ताम टाकीच्या काठावरचं पाणी फडक्याने टिपत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. क्वेनला एकाएकी सगळं उमगलं. पाणी बदललं, पानं हिरवी झाली. पाइपातून मीठ धुता आलं, तर बागेतूनही येईल. इथे ठेवून घ्यायला म्हणून तिने आणलेली रोपंच त्यांना परत पाठवत होती.

"बाबा, ती हिरवी झाली नाहीत," ती म्हणाली. शब्द भराभर बाहेर पडले, थांबले असते तर अडकले असते. "मी बदलली. बाजारातून आणून. तीन आठवडे. आधीची बहुतेक सगळी मेली. तोआनला परत फोन करा आणि सांगा की..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मातीत वाढलेलं मूळ आणि पाण्यात वाढलेलं मूळ एकसारखं दिसतं होय? कितीही धू." त्यांनी फडकं पिळलं. "मधल्या नळीतली दोन सोडली तर सगळी परकी आहेत. पहिल्यांदा बदललीस त्याच दिवशी कळलं. एकाला गोगलगायीने खाल्लेलं होतं. चौदाव्या मजल्यावर गोगलगाय कुठून येणार?"

आता क्वेनला खरंच हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही. तिने मनगटाने नाक पुसलं.

"मग मघाशी हिरवी झाली का म्हणालात?"

"तू इतकी धडपडत होतीस म्हणून."

"आणि तोआनला नाही का म्हणालात? पाणी बदलून काही होत नाही, हे माहीत असून?"

ताम उठायला लागले. गुडघे कुरकुरले. तिने हात पुढे केला, पण त्यांनी घोड्याचा खांब धरला आणि स्वतःच उठले. बादली मोरीत नेऊन उपडी ठेवली. पंपाची पिन खोचली. पाणी पाइपातून खळखळत उतरायला लागलं. त्यांनी मधल्या नळीखाली हात धरून धार पुरेशी आहे ना ते बघितलं.

"तीस बादल्या होतात," ते म्हणाले. "एका दुपारी तीस. पहिल्या दिवशी दहाव्या बादलीला दम लागून भिंतीला टेकलो होतो. आज टेकलो नाही."

ते आपल्या खाटेपाशी गेले. खाटेखालून पिशवी ओढली, तेव्हा क्वेनला दिसलं की दोन सदरे आधीच घडी करून आत ठेवलेले होते.

"पहिल्या पावसाचं पाणी चरांत साठवायचं, पाच दिवसांनी सोडून द्यायचं. पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं. मातीत चुना मिसळायचा. दोन पावसाळे जातील," ताम सांगत होते, तिला की पिशवीला, ते कळत नव्हतं. "एकशे चाळीस झाडं नाही जमणार. वीस जमतील. वीससुद्धा नाही जमली, तर तोआनला यंत्र आणायला किती वेळ लागतो?"

"आणि पुन्हा भोवळ आली तर?"

तिसऱ्या सदऱ्याची त्यांनी छातीशी धरून घडी केली. बाही नीट बसेना, तो उलगडला आणि पुन्हा घडी केली.

क्वेन उठून त्यांच्या शेजारी खाटेवर बसली. त्यांच्या हातातला सदरा घेऊन तिने सरळ केला, शिवणीवर शिवण आणली. कारखान्यात दिवसाला चारशे घड्या तपासायची ती.

"माझी सहा दिवसांची रजा शिल्लक आहे," ती म्हणाली. "पहिला पाऊस पडला की फोन करा. बांध सोडायला येते."

"तुला मीठ कळतं का जिभेवर?"

"नाही."

"मग काय कामाची तू."

असं म्हणून त्यांनी पिशवीतले सदरे एका बाजूला सरकवले आणि तिच्याकडून घडी घेण्यासाठी हात पुढे केला.