उंच फळीवरची अमानत

"मी चुकले तरी कुणी थांबायचं नाही. गाणं एकदा सुरू झालं, की संपेपर्यंत ते माझं."

मित्रांनो, या जगात माझ्या वाट्याला आलेला पहिला आवाज हाच. मी एक जुनी तबकडी आहे, ग्रामोफोनवर लावायची, काळी, जेवणाच्या ताटलीएवढी. माझ्या अंगावर एकच गाणं कोरलेलं आहे. ते गाणारी बाई मेक्सिको देशाची, एल्विरा सांतोयो. एके काळी तिकडे तिचं नाव घेतलं, की चालते लोक थांबायचे म्हणे.

एल्विरा एका बंदरावरच्या धोबिणीची मुलगी. आईबरोबर इस्त्री करताना गायची. फिरत्या तंबूच्या नाटकवाल्यांनी ते ऐकलं आणि तिला सोबत नेलं. तंबूतून ती रेडिओवर गेली आणि रेडिओवरून सिनेमात. घोड्यावर बसून गाणारी शेतमालकाची लेक, डोक्यावरून काळी शाल घेतलेली विधवा, भांडखोर खाणावळवाली, अशी तीसेक चित्रपटांतली कामं तिनं केली. मग नवे चेहरे आले. तिचे फोटो भिंतींवरून उतरले. घशात काहीतरी दुखू लागलं होतं, पण ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

सांगितलं नाही ते तोमासलाही. तोमास तिचा गिटारवाला, वीस वर्षांची सोबत. १९५८ साली ती शेवटचं गाणं गायला उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला. तिनं आधीच बजावलं होतं, तरी तोमास थांबला. ती थांबली नाही. पुढचं अख्खं कडवं ती गिटारशिवाय, एकटीनं गायली. बाहेर आल्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "तू मला भर रस्त्यात सोडून गेलास," ती म्हणाली. त्यानंही ऐकून घेतलं नाही. नमुना म्हणून काढलेली पहिली तबकडी, म्हणजे मी, काखेत मारून तो निघून गेला आणि बोटीवर आचारी झाला. इकडे महिन्याभरात एल्विराच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. गाणं गेलं ते कायमचं. कंपनीही बुडाली, आणि माझ्यासारखी दुसरी तबकडी काही निघाली नाही. आपलं शेवटचं गाणं एल्विरानं स्वतः कधी ऐकलंच नाही.

हे सारं मला कसं कळलं म्हणाल, तर दुबईत, तापानं फणफणलेल्या तोमासच्या उशाशी.

ती गोष्ट १९६४ सालची. दुबईच्या देरा भागात खाडीजवळ हनीफ आणि मुश्ताक हे दोघे भाऊ एका घरात राहत होते, मूळचे रत्नागिरीकडचे. हनीफ नांगरलेल्या बोटींना भाजीपाला आणि मटण पोचवायचा. एका बोटीनं आजारी आचाऱ्याला, म्हणजे तोमासला, किनाऱ्यावर उतरवलं आणि ती पुढे निघून गेली. हनीफनं त्याला सरळ घरी आणलं. हनीफची बायको जुलेखा. पाच वेळच्या नमाजानंतर तिची तसबीह, म्हणजे जपाची माळ, कधी चुकली नाही, आणि सोमवार-गुरुवारचा रोजा तिनं कधी मोडला नाही. तिचा आवाज इतका हळू, की शेजारणीला वाटे या घरात बाईमाणूस एकच आहे, ती म्हणजे मुश्ताकची बायको बानू!

जुलेखानं अकरा दिवस तोमासला तांदळाची पेज दिली. तो बरळायचा, रडायचा, माझ्या कव्हरावरच्या एल्विराच्या चित्राशी बोलायचा. त्यानं एल्विराच्या गळ्याची बातमी सहा वर्षांनी ऐकली होती, आणि तो तिच्याकडेच निघाला होता. बरा झाल्यावर त्याला मोंबासाला जाणारी बोट मिळाली. पण काम भटारखान्यातलं, इंजिनाला लागून. "तिथल्या उष्णतेत ही टिकणार नाही," त्यानं मोडक्या इंग्रजीत हनीफला सांगितलं. "वर्षभरात मी येतो. नाही आलो, तर कव्हरात पत्र आहे, ते उघडा." त्यानं मला जुलेखासमोर धरलं.

जुलेखानं पदर सावरला आणि दोन्ही हातांनी मला घेतलं. "सांगा त्यांना. ज्याची आहे त्याच्या हातात पोचवीन, इन्शाल्ला."

मित्रांनो, माझे हाल इथून सुरू झाले.

घरात ग्रामोफोन होता. मुश्ताकनं बानूसाठी आणलेला, चावीचा. मी बाहेरच्या खोलीत, तो आतल्या. रोज दुपारी बानू चावी फिरवी आणि दुसऱ्या तबकड्या गाऊ लागत. मला तर धीरच धरवत नसे. आमच्या जातीला सुईशिवाय तोंड नसतं. पोटात गाणं, आणि गप्प बसायचं!

बानूनं पहिल्याच आठवड्यात मला मागितलं. "भाभी, एकदाच लावते. कव्हरावर बाई किती छान आहे बघा."

"अमानत आहे, बानू. ठेवलेली वस्तू वापरायची नसते."

"वापरायची कुठे? ऐकायची!"

"तिचा वापर तोच ना?"

"तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," बानू फणकारली आणि आत जाऊन तिनं दुसरीच तबकडी इतकी मोठ्यानं लावली, की पिंजऱ्यातला पोपट ओरडायला लागला. जुलेखा गाणी ऐकत नसे. तक्रारही करत नसे. ती तसबीह घेऊन अंगणात गेली.

आणि अमानतीचा मान राखायचा म्हणून तिनं मला सर्वांत उंच फळीवर ठेवलं. तिथं मक्केहून आणलेल्या झमझमच्या पवित्र पाण्याची बाटली होती आणि सासऱ्यांची हजची कागदपत्रं होती. घरात त्याहून मानाची जागा फक्त कुराणशरीफची. दर शुक्रवारी स्टुलावर चढून ती माझ्या कव्हरावरची धूळ पुसायची. पुसताना मला सरळसुद्धा करायची नाही, उगाच हात नको म्हणून.

वर पत्रा होता, मित्रांनो. जून महिन्यात दुबईचा पत्रा! खाली फरशीवर मडक्यातलं पाणी थंडगार, आणि वर माझ्या अंगाला मऊपणा येऊ लागला. एका बाजूनं मी भिंतीला टेकलेली होते. त्या बाजूची कड हळूहळू उचलू लागली. गाणं आतल्या आत सरकल्यासारखं वाटे. ओरडायचं म्हटलं तर सुई नाही. दर शुक्रवारी तो प्रेमळ हात यायचा, माझ्यावरून फिरायचा आणि मला पुन्हा त्याच भट्टीत ठेवून जायचा.

वर्ष गेलं. वर चार महिने गेले. मग एके संध्याकाळी हनीफ घरी आला तो चपला न काढताच उंबऱ्यावर बसला. "जुलेखा, तो तोमास गेला. मोंबासातच, ताप उलटून. आजच्या बोटीच्या कप्तानानं सांगितलं."

जुलेखानं दुवा मागितली. मग स्टूल आणलं आणि मला खाली उतरवलं. कव्हरातून बाहेर काढलं, आणि तिचे हात थांबले. माझी एक कड भाजलेल्या पापडासारखी वर आली होती.

"या अल्ला," ती इतकंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हनीफ बोटीच्या कचेरीतल्या गोव्याच्या कारकुनाला घेऊन आला. कारकून पोर्तुगीज शिकलेला. "स्पॅनिश म्हणजे आमच्या शेजारणीची भाषा," तो हसत म्हणाला, "सगळी नाही, पण लिहिलेलं कळतं." पत्र वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. एल्विराचा पत्ता सांगून झाल्यावर त्यानं पुढचं वाचलं. "पण पाठवण्याआधी ऐकून बघा. उन्हानं आवाज बिघडला असेल तर समुद्रात टाका. तिच्या गळ्यानं तिला एकदा दगा दिला आहे. तो तिला दुसऱ्यांदा ऐकवू नका."

जुलेखा खाली बघत होती. परक्या बाईचं शेवटचं गाणं तिच्या घरात, तिच्याच हातानं तापलं होतं.

"मुद्दाम केलंस का तू?" हनीफ म्हणाला. "एवढ्या मानानं ठेवलीस."

"मानानंच बिघडली," जुलेखा म्हणाली.

"मी वाजवली असती तर निदान आठवड्याला खाली तरी उतरली असती!" बानू बोलून गेली, आणि जुलेखाचे डोळे भरलेले बघून तिनंच जीभ चावली. मग कारकुनानं एक उपाय सांगितला, तशी ती आत गेली आणि आपल्या शोकेसच्या दोन जाड काचा काढून घेऊन आली. उपाय असा होता. दोन काचांमध्ये मला ठेवायचं, कोवळ्या उन्हात जरा मऊ होऊ द्यायचं, आणि मग गार फरशीवर वजनाखाली दाबायचं. वजन म्हणून रत्नागिरीहून आणलेला पाटा मिळाला. त्या दिवसांत घरात वाटण झालं नाही. हनीफनं कोरडी भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

तीन आठवडे रोज हेच चाललं. सकाळी ऊन, मग पाटा. जुलेखा दर थोड्या वेळानं येऊन बघे, परत जाई, पुन्हा येई. तिला एका जागी बसवत नव्हतं. तसबीहचे मणी मोजता मोजता मध्येच आकडा चुके, आणि ती पहिल्यापासून सुरू करी.

शेवटी मी बरीचशी सपाट झाले. कारकून आला, बानूनं चावी दिली. जुलेखा डोक्यावरून पदर घेऊन ग्रामोफोनसमोर बसली.

"भाभी, तुम्ही ऐकणार?" बानूनं विचारलं.

"माझ्या हातून बिघडली. बघायला मलाच पाहिजे."

सात वर्षांनी सुई माझ्या अंगावर टेकली. पहिल्या दोन ओळी डुलल्या, लाटांवरच्या होडीतून कुणी गात असावं तशा. मी लाजेनं चूर झाले. मग मात्र आवाज सरळ झाला. दुसऱ्या कडव्यात तो फाटला, गिटार गप्प झालं, आणि एल्विरा एकटीच पुढे निघाली. जुलेखाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तिचे मणी हातातच राहिले, सरकले नाहीत.

गाणं संपलं. कारकुनानं मान हलवली. "सुरुवात डुलते. पत्रात साफ लिहिलंय. नाही पाठवता येणार."

"गेलेल्या माणसाचा शब्द आहे," हनीफ हळहळत म्हणाला. "मी उद्या बोटीवरून जातो तेव्हा खोल पाण्यात सोडतो. खलास."

"अहो, असं कसं सोडता!" बानू उसळली. "एवढ्या लांबून आलेली ती!"

मित्रांनो, माझा जीव सुईच्या टोकावर होता.

जुलेखा बोलली ती नेहमीच्याच हळू आवाजात. "शब्द तोमासचा आहे. गाणं त्याचं नाही. वस्तू तिची, आणि ती बुडवायची की ठेवायची ते आपण ठरवायचं? तेही तिला न सांगता? मग ही चोरीच झाली." ती कारकुनाकडे वळली. "भाऊ, तुमच्या भाषेत चिठ्ठी लिहा. लिहा की दुबईच्या जुलेखाच्या हातून ही तापली. पहिल्या दोन ओळी बिघडल्या, त्याची माफी मागते. तोमासनं लिहिलेलं पत्रही सोबत ठेवा. ऐकायचं की नाही, ते ती ठरवील."

"ती रागावली तर?" हनीफनं विचारलं.

"रागावू दे. तिचा हक्क आहे."

कारकुनानं चिठ्ठी लिहिली. आपल्या पोर्तुगीजमधल्याच चार ओळी, पण तिला कळतील असं तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशीच मानानं उंच ठेवलेली असेल. तिला जपा, पण अधूनमधून खाली उतरवा. हात लावा. तिला कुठं दुखतंय ते बघा. नुसती धूळ पुसणं म्हणजे सांभाळणं नव्हे, हे मी माझ्या अंगावर शिकले आहे. आणि काही बिघडलंच, तर ज्याची वस्तू त्याला खरं सांगा.

मी हे तुम्हाला बसून सांगत नाही, चालता चालता सांगते आहे. आज गुरुवार. जुलेखाचा रोजा आहे. खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावर एक बोट लागली आहे, ती दुपारी मेक्सिकोच्या वाटेला निघेल. कप्तानाची बायको बरोबर आहे, आणि पत्त्यावर स्वतः जाऊन देईन असं तिनं कबूल केलं आहे. हनीफ म्हणाला होता, "मी देऊन येतो." जुलेखानं नकारार्थी मान हलवली. ती आजवर खाडी एकटीनं ओलांडून कधी गेलेली नाही.

फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली. तिनं मला ओल्या फडक्यात बांधलेल्या डब्यात ठेवलं, बुरखा घातला, आणि कुणाला न उठवता दाराची कडी काढली. धक्क्यावर अबरा, म्हणजे पलीकडे नेणारी छोटी होडी, हलत उभी होती. होडीवाल्यानं हात पुढे केला. तिनं मला उराशी धरलेलं होतं, ते सोडलं नाही.

"पलीकडे जायचंय," ती हळूच म्हणाली. "होडी जरा धक्क्याला लावून धरा. माझे दोन्ही हात गुंतलेत."