होळीला न चालणारे लाकूड

नसरापूरच्या दुकानदाराने तीन डबे उघडून रतनसमोर मांडले: निळा, हिरवा आणि तांबडा. काठी बुडवून त्याने एका ढलपीवर तिन्ही रंगांचे पट्टे ओढून दाखवले. रतनचे बोट निळ्या पट्ट्याकडे गेले आणि मध्येच थबकले.

त्याला वस्तीतली म्हातारी धोंडाबाई आठवली. होळीसाठी लाकडे चोरायची आणि ज्याची चोरली त्याने तक्रार करायची नाही, अशी गावाची जुनी रीत. रतनच्या बौद्ध वस्तीत मात्र चोरी नसे, लूट असे. गेल्या होळीला गावकऱ्यांनी धोंडाबाईच्या दाराची फळी उचकटली. ती आडवी आली, तेव्हा तीच फळी तिच्या कानशिलावर बसली. तेव्हापासून म्हातारीला एका कानाने ऐकू येत नव्हते.

यंदा रतनच्या दारापुढे कुंपण होते. तो रस्त्याच्या कामावर मुकादम होता. पूल पुरा झाल्यावर ओव्हरसियरने सेंटरिंगच्या जुन्या फळ्या त्याला देऊन टाकल्या. त्या तासून, ठोकून त्याने शेवंती, मोगरा आणि दोन गुलाब यांच्याभोवती उभ्या केल्या. वस्तीतली ती पहिली बाग. ती वाचवायचा एकच उपाय त्याला दिसत होता. रंग दिलेले लाकूड होळीत घालू नये, त्याचा धूर देवाला चालत नाही, हा गावाचाच दंडक होता. पाटील आळीतली रंगवलेली फाटके त्यामुळेच दरवर्षी शाबूत राहत.

"कंचा देऊ, मुकादम?"

"हिरवा," रतन म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, गीताबाईने, डबा उघडला आणि झाकण हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"आपलं निळं ठरलं व्हतं."

"निळा बघितला की त्यांची डोकी फिरत्यात. हिरवा झाडांत मिसळून जातो. कुनाच्या डोळ्यांवर येत न्हाई."

"डोळ्यांवर यायचं नव्हतं, तर बोराटीचे काटे काय वाईट व्हते?"

रतन खाली बसला आणि पहिल्या फळीवर कुंचला फिरवू लागला. थोड्या वेळाने गीताबाईही पदर खोचून पलीकडच्या बाजूने बसली. रंगाचा दुसरा हात होळीच्या दिवशी सकाळी देऊन झाला.

दुपार कलताना बोंब ऐकू आली. दहा-बारा माणसे कुऱ्हाडी घेऊन वस्तीत शिरली. पुढे पाटील आळीतला बाजीराव होता. सर्वांत मागे, मान खाली घालून, गेनबा चालत होता. त्याचे शेत रतनच्या घराला लागून होते आणि बागेतल्या शेवंतीची रोपे त्यानेच दिली होती.

रतन कुंपणापुढे उभा राहिला. "बाजीरावदादा, रंग दिलाय. होळीला चालायचं न्हाई. तुमचाच दंडक हाय."

बाजीरावाने फळीवर अंगठा टेकवला, उचलला, निरखला आणि तो हसला.

"ओलं हाय की रं! आजच नटवलीस व्हय?" मागची माणसे खिदळली. "दंडक गावाचा. तू गावात कवापास्नं? तुजा बा डोंगरातनं होळीची मोळी वाहायचा. तुमी धरम बदललात, मोळी बंद केलीत. आमी गप बसलो. आता धा वर्सांच्या मोळ्या एकदम नेतो."

पहिला घाव कोपऱ्यातल्या खांबावर बसला. रतनने खांबाला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"सोड!"

"न्हाई सोडनार."

कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या उजव्या हातावर आदळला. वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. डाव्या हाताची मिठी सुटली नाही, म्हणून दुसरा दांडा पाठीवर बसला आणि तिसरा मानेखाली. गीताबाई मध्ये पडली, तिला केस धरून उंबऱ्यावर फेकले. तिच्या भुवईतून रक्ताची धार लागली. ती पुन्हा उठली आणि तिने बाजीरावाच्या मनगटाचा चावा घेतला. त्याने तिच्या तोंडावर कोपर मारले. फळ्या खिळ्यांसकट उपटल्या गेल्या. मग लाकडाशी ज्यांचा काहीच संबंध नव्हता त्या गुलाबांवरही कुऱ्हाड चालली. शेवंती पायांखाली चिखल होईतो तुडवली गेली. वस्तीतली दारे आतून बंद होती.

जाताना गेनबाने तीन फळ्या खांद्यावर घेतल्या. रतन मातीत गाल टेकून ते पाहत होता.

सकाळी त्याच तीन फळ्या घेऊन गेनबा दारात आला.

"होळीत टाकल्या न्हाईत म्या," तो म्हणाला. "पन पोरी, ठाण्यात जाऊ नगा. कोन साक्ष देनार?"

गीताबाईचा ओठ सुजला होता. शब्द जड येत होते. "साक्ष कशाला, तात्या? समद्यांचे हात बघा म्हनावं फौजदाराला."

"आज धुळवड. हात समद्यांचेच रंगत्यात."

"ते पान्यानं जातंय. ह्यो तेलरंग घासलेट लावूनबी दोन दिस निघत न्हाई. तुमचा बघा की."

गेनबाने तळवा पाहिला. रेषारेषांत हिरवा रंग बसला होता. त्याने मूठ मिटली, फळ्या भिंतीला टेकवल्या आणि तो बांधाने निघून गेला.

त्यानंतर नवराबायको एस.टी.ने नसरापूरला गेले. दवाखान्यात हाताला प्लास्टर झाले. ठाण्यात फिर्याद लिहून घेतली गेली. रतनने अकरा नावे सांगितली. बारावे सांगताना तो अडखळला, मग त्याने तेही सांगितले: गेनबा.

परतीच्या एस.टी.ला अजून वेळ होता. रतन दुकानासमोर थांबला. दुकानदार त्याच्या गळ्यातल्या, हात अडकवलेल्या झोळीकडे पाहतच राहिला.

"काय झालं, मुकादम? रंग कमी पडला?"

"निळा द्या," रतन म्हणाला.

"किती जागेला लावायचाय?"

"तीन फळ्या हायेत."

"मग लहान डबा पुरे."

रतनने गीताबाईकडे पाहिले. ती रस्त्याकडे तोंड करून उभी होती. भुवईवरची पट्टी सरकली होती, ती तिने नीट केली.

"मोठा घ्या," ती न वळता म्हणाली.