सूर्य शेवटी येतो

भूगोलाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘अंगाई सर’ म्हणत आणि हे सरांना चांगलं ठाऊक होतं. नाव वाईट नव्हतं. पंचाईत एवढीच, की ते खरं होतं. आवाज मऊ, एकसुरी, आणि तास नेमका मधल्या सुट्टीनंतरचा. पोटात डबा आणि कानात अक्षांश-रेखांश, मग दुसरं काय होणार? मागच्या बाकांवरच्या माना डुलू लागत आणि सर फळ्याकडे तोंड करून नद्या समुद्राला मिळवत राहत. वर्ग झोपला म्हणून त्यांची एकही नदी कधी वाटेत थांबली नाही.

इतकी वर्षं हे गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग शेजारच्या वर्गात विज्ञानाची नवी मॅडम आली. तिच्या पडद्यावर बेडूक उड्या मारायचा, हृदय धडधडायचं, फुलाच्या पाकळ्या एकेक करून उघडायच्या. मुलांचं हसणं भिंतीतून सरांच्या वर्गात यायचं आणि अंगाई मोडायची. ‘कानामागून आली आणि तिखट झाली,’ असं गणिताचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले खरे, पण तिच्याकडून तो बेडूक गुपचूप मागून घेणारे पहिले तेच.

एके दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. बाई कमी बोलत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागे.

‘सर, पुढच्या सत्रापासून सहावीचा भूगोल नव्या मॅडमना द्यावा म्हणते. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. तिथे शांतता असते.’

सर खिडकीतून सहावीच्या वर्गाकडे बघू लागले. बाईंनाच थोडं वाईट वाटलं असावं. ‘जलचक्राची चाचणी होऊ दे. मग मी एकदा तासाला बसेन, पेपरही बघेन. तेव्हा ठरवू.’

सर बाहेर आले ते तोंडचं पाणी पळालेल्या अवस्थेत. ग्रंथालयाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण सहावीत त्यांचा जीव होता. आपण एका गोळ्यावर उभे आहोत आणि तो गोळा फिरतोय, हे मुलांना नीट कळायचं ते सहावीत. कळल्याबरोबर ती हळूच पायाखाली बघत. ते बघणं बघायला सर शाळेत येत. पुढच्या क्षणी त्याच तोंडातून जांभई निघे, ती गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला गाठलं. ती एका कार्यालयात नोकरीला होती आणि साहेबलोकांसाठी दिवसभर स्लाइडच करायची.

‘मला हलणारी चित्रं शिकव,’ सर म्हणाले.

‘बाबा, तुम्ही?’

‘मीच. ढग हलला पाहिजे.’

स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नीचा आवाज आला, ‘अहो, आधी खुर्चीवरून तुम्ही हला. पानं घेतलीत.’

जेवणानंतर शिकवणी सुरू झाली. चित्र ठेवायचं, त्यावर क्लिक करायचं, कुठून यायचं ते निवडायचं. पहिला ढग उजवीकडून सरकत आला तेव्हा सर खुर्चीत ताठ बसले. मग त्यांना उड्या सापडल्या, गिरक्या सापडल्या आणि शेवटी आवाजांचा डबाच हाती लागला. लेक परोपरीने सांगत होती, ‘बाबा, एका स्लाइडवर एकच हालचाल ठेवा. डोळे दुखतात.’ पण माकडाच्या हाती कोलीत मिळालं की माकड कुठलं ऐकतंय? वाफ नागमोडी वर जाऊ लागली. ढग दोन उड्या मारून थांबू लागला. पाऊस टपटप वाजू लागला. नदी डोंगरावरून उतरून समुद्राला मिळाली आणि सरांनी हात चोळले.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की सूर्य राहिला. मग त्यांनी एक मोठा पिवळाधमक सूर्य आणून कोपऱ्यात बसवला, त्याला तीन गिरक्या दिल्या आणि इतकं छान चित्र पूर्ण झालं म्हणून टाळ्यांचा आवाजही जोडला. जे चित्र शेवटी ठेवलं ते शेवटी येणार, हा यंत्राचा साधा तर्क. लेक तोवर झोपायला गेली होती आणि सर आपल्याच सूर्याने दिपले होते.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला एकही मान डुलली नाही. ढगाने उडी मारली तशी मुलं हसली, पाऊस वाजला तशी गप्प झाली, आणि सूर्य गिरक्या घेत आला तेव्हा पडद्यातल्या टाळ्यांत सगळ्या वर्गाने आपल्या टाळ्या मिसळल्या. ‘सर, परत,’ मुलं म्हणाली. भूगोलाच्या तासाला ‘परत’ हा शब्द सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी परत दाखवलं. मग आणखी एकदा. त्या दिवशी सर घरी चालत गेले नाहीत, तरंगत गेले.

चाचणी झाली. बाई तासाला बसणार त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी स्टाफरूममध्ये पेपर तपासायला घेतले. पहिल्यात लिहिलं होतं, ‘जलचक्रात सर्वांत शेवटी सूर्य येतो.’ सर हसले आणि लाल रेघ मारली. दुसऱ्यात होतं, ‘ढग नेहमी उजवीकडून येतो व दोनदा उडी मारतो.’ तिसऱ्यात, ‘पाऊस पडून गेल्यावर सूर्य तयार होतो. तो तीन गिरक्या घेतो.’ सरांचं हसू ओसरलं. त्यांनी भराभर गठ्ठा चाळला. शेवटच्या पेपरात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘सूर्य आला की टाळ्या वाजतात आणि जलचक्र संपते.’

चक्र संपतं. सरांनी कपाळाला हात लावला.

गणिताच्या सरांनी मान वाकडी करून पेपर वाचले आणि ते खुदखुदू लागले. हसून झाल्यावर मात्र मैत्रीला जागले. ‘हे बघा, गठ्ठा माझ्या कपाटात टाका. बाईंना सांगा, चाचणी राहून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. कोंबडं झाकायचं, दुसरं काय.’

सरांनी गठ्ठा उचललाही. कपाटापर्यंत गेले. पण वर ठेवलेल्या पेपरातलं ते सुवाच्य अक्षर त्यांच्याकडे बघत होतं. त्या मुलीने आपलं काम चोख केलं होतं. दाखवलं ते पाहिलं, पाहिलं ते लिहिलं. तिच्या उत्तरावर मारायची लाल रेघ खरं तर कुणावर मारायला हवी, हे सरांना कळलं आणि त्यांना लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. ते गठ्ठा घेऊन तसेच वर्गात गेले.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. सरांनी तीच स्लाइड लावली. सूर्य आला, टाळ्या वाजल्या.

‘यात एक चूक आहे,’ सर म्हणाले. ‘ती माझी आहे. तुम्ही सगळ्यांनी ती जशीच्या तशी लिहिलीत. आता मला ती शोधून द्या.’

मुलं बाकांत आणखी खाली सरकली. सरांची चूक शोधायची, तीही बाईंच्या समोर, म्हणजे सापळाच असणार. शेवटी सुवाच्य अक्षरवाली उठली.

‘सर, सूर्य उशिरा येतो का?’

‘आला तर काय बिघडलं?’

‘मग आधी पाण्याची वाफ कोण करणार?’

‘पाणी आपोआप तापतं,’ खिडकीजवळचा एकजण म्हणाला.

‘तुझ्या घरी तापतं का आपोआप?’ दुसऱ्याने विचारलं आणि जुंपली.

सूर्याला पुढे आणा, असा निकाल लागला. पण इथेच घोडं पेंड खात होतं. चित्र नवं ठेवायचं कसं हे सरांना येत होतं. ठेवलेल्याचा क्रम बदलायचा कसा, हे लेकीने सांगितलं तेव्हा ते गिरक्यांत गुंतले होते. त्यांनी घाम पुसला आणि सगळंच पुसून टाकलं. पडदा कोरा झाला.

‘सांगा,’ ते म्हणाले. ‘पहिलं काय?’

‘सूर्य,’ वर्ग ओरडला.

‘नुसता सूर्य? तो तापवणार काय?’

मग समुद्र आला. मग वाफ. ढग कुठून आणायचा यावर कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा सरांनी कबूल केलं, की तो उजवीकडून आला कारण त्यांना तेवढंच बटण सापडलं होतं. ढगाला वारा नेईल तिकडे तो जातो, असं ठरलं. नदी समुद्राला मिळाल्यावर सरांनी विचारलं, ‘संपलं?’ खिडकीजवळचा, ज्याचं पाणी आपोआप तापत होतं तोच, हळूच म्हणाला, ‘संपलं नाही. परत तापेल.’

घंटा झाली. मुलं बाहेर पडली तरी त्यांचं भांडण चालूच होतं. बाई पुढे आल्या आणि त्यांनी पेपर मागितले. सरांनी दिले. बाई उभ्याउभ्याच वाचत गेल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याने दोनतीनदा शिस्त मोडली.

‘सगळ्यांची एकच चूक,’ त्या म्हणाल्या.

‘हो. आजवर ज्याची त्याची वेगळी असायची.’

बाईंनी गठ्ठा नीट करून परत दिला. ‘सहावी तुमच्याकडेच राहू दे.’

सरांना आनंद झाला, नाही असं नाही. पण घरी जाताना पाय जमिनीवरच होते. मुलं ऐकत नाहीत याची त्यांना सवय झाली होती, आणि त्या सवयीत मोठं सुख होतं. काहीही सांगावं, पालथ्या घड्यावर पाणी. आता मुलं ऐकत होती. सांगू तेच खरं मानून घरी नेत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वर्गाची भीती वाटली.

संध्याकाळी लेक उत्साहाने शेजारी येऊन बसली. ‘बाबा, आज क्रम बदलायला पुन्हा शिकवते. उद्या कुठला धडा?’

‘वारे. पण थांब जरा. आधी तो वाचू दे.’

‘वाचायचा काय त्यात? तुम्हाला तर तोंडपाठ आहे.’

‘म्हणून तर,’ सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावून पुस्तक उघडलं.