हवा कुठून सुटते

आमचे हे आल्टो क्लॅरिनेट वाजवतात असं सांगितलं की लोक आधी "म्हणजे नक्की काय?" असं विचारतात. नेहमीच्या क्लॅरिनेटचा थोरला भाऊ, मान वाकलेला आणि घसा बसलेला, एवढं सांगून मी मोकळी होते. शहराच्या वाद्यवृंदात साध्या क्लॅरिनेटवाल्यांची रांगच्या रांग असते, आल्टोवाले हे एकटेच. त्या गर्दीत यांचा सूर कुणाला ऐकू येतो की नाही, देव जाणे. मला येतो.

येणारच, कारण आमच्या घरचा नियमच तसा आहे. क्लॅरिनेट वाजवणारा वरचे दात माउथपीसवर टेकवतो. मग सूर दातांतून, हाडांतून त्याच्याच डोक्यात घुमतो, आणि बाहेर तो कसा जातोय ते त्याला धड कळत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून हे वाजवणार आणि मी यांच्याकडे पाठ करून ऐकणार. नवी रीड, म्हणजे माउथपीसला बांधायची ती बोरूची पातळ पट्टी, आणली की मी "ठेवा" म्हणेन ती राहते आणि "फेका" म्हणेन ती कचऱ्यात जाते. मला स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येत नाही. तरी हे मला कानसेन म्हणतात आणि मीही ते नाव मिरवते. खोटं कशाला बोलू?

तर मीच एके दिवशी म्हटलं, "अहो, हवा सुटतेय."

खालच्या सुरांच्या तळाशी एक बारीक फुसफुस येत होती. यांनी रीड बदलली, तरी तीच. रीड आवळणारा पट्टा घट्ट केला, तरी तीच. मग हे थांबले आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून तसेच उभे राहिले.

माझ्या थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. चूळ भरताना भाऊजींच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळायचं आणि आम्ही सगळे हसायचो. लाळेरं आणू का म्हणून मीच चिडवायचे. मग एका सकाळी त्यांचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. आता ते खाटेवर असतात आणि चमच्याने भरवावं लागतं. हे दर सुट्टीला जाऊन त्यांची दाढी करून देतात, आणि घरी आले की न्हाणीघराच्या आरशासमोर गाल फुगवून बघतात. मी बघते ते यांना ठाऊक नाही.

तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं आम्ही माउथपीसला धरलं. वाद्याबरोबर फुकटात आलेला, टोक झिजलेला, त्यावर वाजवणारा बिचारा काय दिवे लावणार! वाद्यवृंदातल्या प्रत्येकाला दोष द्यायला एक माउथपीस लागतोच, तसा आम्हालाही मिळाला. चांगला माउथपीस घ्यायचा ठरला आणि हे जरा खुलले. मी मात्र मनातल्या मनात हात जोडत होते की जुना खराबच निघू दे.

त्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. स्वयंपाकघरात बसलं की गॅस सुटल्यासारखं वाटायचं. उठून बघावं तर बटण बंद. यांनीच नळी ढिली केली असणार म्हणून मी यांच्यावर खेकसले, शेवटी गॅसवाल्याला बोलावलं. त्याने साबणाचा फेस लावून नळी पाहिली आणि काही सुटत नाही म्हणून निघून गेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून मीच मला दटावलं. मी शिवणकारखान्यात मुकादम आहे, आयुष्य यंत्रांच्या रांगांमधून फिरण्यात गेलंय. तिथल्या गोंगाटात उलट बरं वाटायचं.

दुकानाची मालकीण स्वतः वाद्यं दुरुस्त करणारी, गळ्यात भिंग अडकवलेली बाई. आल्टोचे माउथपीस फारसे कुणी मागत नाही, आहेत तेवढे दाखवते, असं म्हणून तिने एका तबकात मांडून आणले. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांच्यात जी फट असते तिच्यावर सगळं अवलंबून, हे तिने समजावलं. फट कमी असली तर सूर चटकन निघतो पण बारीक, जास्त असली तर भरदार, मात्र त्याला श्वास लागतो आणि ओठ भक्कम लागतात. ओठ म्हटल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही भिंगाकडेच बघत राहिले.

वाजवून बघायची खोली मागे होती, तबक घेऊन मालकीणही आत आली. भिंतींना, छताला जाड नमदा ठोकलेला, दारही गादीसारखं. ते लागलं आणि रस्ता, दुकान, सगळं नाहीसं झालं. मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

यांनी पहिला लावला. खालचा सूर धरला, हळूहळू वर गेले, परत उतरले. तळाशी फुसफुस होतीच. मी म्हटलं, "पुढचा." दुसरा कमी फटीचा होता, सूर पातळ आला, फुसफुस तीच. तिसऱ्याचा सूर असा भरून आला की एरवी मी जागेवर "ठेवा" म्हटलं असतं. पण त्याच्याही खाली हवा सुटतच होती. "पुढचा" म्हणताना माझा आवाज मलाच ओळखू येईना. इतके माउथपीस एकदम खराब नसतात, एवढं मलाही कळत होतं. म्हणजे तोंड. म्हणजे भाऊजींची खाट, तो चमचा, ती दाढी, आणि ती करून देणारी मी.

हे थांबले. मग शांतपणे मालकिणीला म्हणाले, "बाई, माझा जुना लावता का? तुम्ही वाजवा."

यांना काय हवंय ते मला कळलं. तिच्या तोंडी जुना माउथपीस साफ वाजला तर दोष यांच्या तोंडाचाच, प्रश्न संपला. मला नको म्हणायचं होतं, पण तोवर बाईने होकार दिला होता. तिने माउथपीस स्पिरिटने पुसल्याचा वास आला. हिचीही हवा सुटू दे, देवा, एवढंच मी म्हणत होते.

तिने सूर धरला आणि खाली फुसफुस आली.

मी उठलेच. हिचीही सुटतेय, माउथपीसच खराब आहे, असं मी बोलून गेले आणि मला रडू यायला लागलं. बाईने गोंधळून वाद्य तोंडातून काढलं, ते ठेवायच्या घोडीवर टेकवलं आणि म्हणाली की कुठेही हवा सुटत नाही, हा माउथपीस साधा असेल पण धडधाकट आहे.

वाद्य घोडीवर होतं. त्याला कुणाचंच तोंड नव्हतं. फुसफुस चालू होती.

खोलीत कसलं यंत्र चालू आहे, असं मी विचारलं. कसलंच नाही, इथे आपण काही ठेवतच नाही, असं ती म्हणाली. मी दोन्ही तळवे कानांवर दाबले. तिचं बोलणं गेलं, सगळं गेलं. फुसफुस गेली नाही, वाढली.

मी हात काढले तेव्हा हे माझ्यासमोर उभे होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सांग," हे म्हणाले. "माझंच तोंड ना?"

"तुमचं तोंड शाबूत आहे," मी म्हटलं. "माझा कान गेलाय."

यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली. यांना ती आवरता आली नाही. मग मी काय बोलले ते पोचलं आणि हे ओशाळून माझा हात धरायला आले. मला राग आला नाही. मीही देवाकडे तेवढंच मागितलं होतं. फक्त ते दिल्यावर बदल्यात काय जाईल, याचा विचार केला नव्हता. आता ही फुसफुस जेवताना, झोपताना, मरेपर्यंत राहणार का, आणि आज फुसफुस आहे तर उद्या काय, अशी भीती शिरली. मी पुन्हा खुर्चीत बसले.

डॉक्टरकडे उद्याच जाऊ, असं हे म्हणत राहिले. कानाचं औषध असतं, कारखान्यात सुट्टी घे, सगळं बोलून झालं. मग लहान मूल हट्ट करतं तसं तबक उचलून म्हणाले, "आता ती फुसफुस वगळून ऐक. तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?"

मी भिंतीकडे तोंड केलं. यांनी एकेक लावून वाजवायला सुरुवात केली, कुठला कुठला ते न सांगता, आमच्या नियमाप्रमाणे. मी सुराला धरायला जायचे आणि कान फुसफुशीलाच जाऊन चिकटायचा. मघाचा तो भरदार यातला कोणता, ते कळेना. पहिला, दुसरा, पुढचा, सगळे एकाच भिंतीपलीकडून आल्यासारखे. यांच्या सुरापासून मी पहिल्यांदाच इतकी लांब होते.

एक सूर संपला. हे वाट बघत होते.

"ठेवा," मी म्हटलं.

"नक्की?"

यांच्या सुराबद्दल मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

"नक्की," मी म्हटलं, आणि बाईने तो कागदात गुंडाळेपर्यंत भिंतीकडेच बघत बसले.