गुरुवारचं सूप आणि स्टूरेचा स्वेटर

गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप असतं, वरून वाटलेली मोहरी घालून, आणि त्यानंतर पॅनकेक. माझा मेव्हणा स्टूरे त्या दिवशी जेवायला येतो. त्याची बायको मायकेन गेल्यापासून माणसांत बसून जेवायचा त्याचा तेवढाच एक दिवस.

गेल्या हिवाळ्यात असं व्हायला लागलं, की तो आत आला की माझी बायको सोल्वेग खोकायची. साधंसुधं नाही. डोळ्यांत पाणी, हाताने घसा धरलेला, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी जाऊन उभी.

"मी तुमच्या घरात एक तरी सिगारेट ओढली का?" स्टूरे विचारायचा.

नव्हती ओढली. तो खाली रस्त्यावर संपवून वर यायचा, दारात बूट काढायचा, हात धुवायचा.

"तुझ्यामुळे नाही रे," ती म्हणायची. "स्वेटरमुळे होतं."

इथेच बिनसलं. तो करडा स्वेटर मायकेनने विणलेला. दोघंही दिवसभर ओढणारी, त्या लोकरीत दोघांचा धूर मुरलेला. ती गेल्यापासून स्टूरेने तो धुतला नव्हता.

"मायकेन तुला कधी आवडलीच नाही," एकदा तो पानावरूनच म्हणाला. "आता तिच्या लोकरीलाही खोकतेस. फुफ्फुसं तपासलीस ना? काय निघालं?"

"काही नाही."

"मग नाटकच की! दाजी, पुढच्या गुरुवारी मला धरून सूप शिजवू नका."

तो गेल्यावर सोल्वेग मला म्हणाली, "खोकला राहिला तरी चालेल. पण एकुलता भाऊ मला खोटारडी समजून यायचा बंद होईल, ते नाही चालणार."

गोथेनबर्गच्या इस्पितळात नुसता खोकला तपासतात असं कळलं. आमच्याकडे गाडी नाही. तिने स्टूरेलाच फोन केला. कुरकुरत का होईना, तो आला. अंगात तोच स्वेटर. भर जानेवारीत आम्ही काचा खाली करून गेलो.

दारावर पाटी होती. मी चाळिशीनंतर वाचायला शिकलो, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्याने वाचतो. "अत्तर किंवा धुराचा वास अंगावर घेऊन आत येऊ नये."

"झालं," स्टूरे म्हणाला. "सगळी दुनिया मायकेनवर उठलीय." पण स्वेटर काढून त्याने गाडीत ठेवला.

डॉक्टर एकेलुंडबाईंनी सोल्वेगच्या तोंडाशी नळी धरली आणि वाफारा ओढायला सांगितला. पहिल्याला काही झालं नाही. दुसऱ्याला ती अशी खोकायला लागली की खुर्ची हलली.

"बंद करा ते!" स्टूरे उठून ओरडला. "मारता का तिला?"

"मिरचीतल्या तिखटाचा अंश आहे, इतका कमी की बहुतेकांना कळतही नाही," बाई म्हणाल्या.

"मला द्या बघू."

त्याला तिप्पट दिलं. साधा ठसकाही नाही. "बघा, पोलादी घसा!" तो म्हणाला.

"पोलादी कसला, निजलेला," बाई म्हणाल्या. "श्वासनळीच्या अस्तरात बारीक नसा असतात. सिगारेटचा धूर लागला की त्याच बोंब मारतात आणि माणूस खोकतो. तिखट, मोहरी, धूर, सगळ्यांची दखल घेणाऱ्या त्याच. तुमच्या रोजच्या धुराने बधिरल्यात. यांच्या फार जाग्या आहेत. फुफ्फुसं ठणठणीत, म्हणून आधीच्या तपासण्यांत काही सापडलं नाही."

"पण मनाचा खेळ नाही कशावरून?" स्टूरेने विचारलं.

"मनाचा असता तर पहिल्या वाफाऱ्यालाही खोकल्या असत्या. तो नुसता मिठाच्या पाण्याचा होता. आधी सांगितलं नव्हतं."

परतताना स्टूरे नुसत्या शर्टावर गाडी चालवत होता. स्वेटर मागे डिकीत होता.

गुरुवारी मी त्याला धरूनच सूप शिजवलं. सोल्वेग दोनदा खिडकीशी जाऊन आली. घंटा वाजली. दारात स्टूरे, नुसत्या शर्टावर, ओठ निळे.

"सकाळपासून ओढली नाही," तो म्हणाला. "स्वेटर गाडीत आहे. धुतलेला नाही, आणि धुणारही नाही."

"धू म्हणून सांगितलं कुणी?" सोल्वेगने त्याच्या अंगावर माझा बटणांचा स्वेटर टाकला. बाह्या कोपरापर्यंतच आल्या.

आम्ही जेवायला बसलो. दोन घास गेले आणि सोल्वेग खोकली.

स्टूरेचा चमचा हवेतच थांबला. "आता काय, शर्टही काढू?"

तिने मान हलवली, सुपाकडे बोट दाखवलं. "मोहरी," कशीबशी म्हणाली, "जास्त पडली."

स्टूरेने मोहरीची बरणी उचलून स्वतःच्या पुढ्यात ठेवली. "इकडे राहू दे. माझ्या निजल्यात."