गोधडीला जोडलेली पट्टी

वारा बरा असला तर मोहने गावातल्या कारखान्याचा भोंगा कल्याणपर्यंत ऐकू येई.

नऊवारी लुगडं मधे विरतं. काठ शेवटपर्यंत टिकतात.

पुणे. दोन वर्षं. वसतिगृह.

धोंडीबा जुन्नरकडच्या गावी वारला तेव्हा अंगावर टाकलेली चादर त्याच्या घोट्यांपर्यंतच पोचली.

रतन, वय सतरा. वर्गात सर्वांत उंच, म्हणून कायम शेवटच्या बाकावर.

हे सगळं कल्याणातल्या एकाच खोलीशी जोडलेलं. खोलीत धोंडीबाचा मुलगा दौलत, त्याची बायको कलावती आणि त्यांची एकुलती एक रतन. दौलत मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात कामाला. कलावती आळीतल्या बायकांच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून देई. साल छप्पन्न.

जूनमध्ये रतन मॅट्रिक झाली, पहिल्या वर्गात. तिच्या शाळेतल्या जोगळेकरबाई स्वतः खोलीवर आल्या. पुण्याला शिक्षिका होण्याचं शिक्षण मिळतं, फी माफ, राहणं-जेवणं संस्थेकडून, कल्याणच्या शाळेला एक जागा मिळाली आहे आणि ती रतनचीच आहे, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. अर्ज पुढे केला. पालकांची सही तेवढी बाकी होती.

दौलतला नाही म्हणायचं होतं. कारण होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पुण्याला राहिलेली पोर सुट्टीत येईल ती पाहुणीसारखी बसेल, आपण तोंड उघडलं की मनातल्या मनात आपलं बोलणं दुरुस्त करील, ही भीती. खर्चाचं पुढे करावं, तर खर्चच नव्हता. मग त्याला बापाची म्हण सापडली. तीच, अंथरुणाची आणि पायांची. धोंडीबा ती उठता-बसता म्हणे.

दौलतने ती म्हणून टाकली.

दारातून ऐकणाऱ्या शेजारच्या विमलाबाईंनी लगेच मान डोलावली. दौलतशी जोगळेकरबाई वाद घालू शकल्या असत्या. म्हणीशी कोण घालणार? अर्ज फळीवर ठेवून त्या गेल्या. रतन खाली बघत होती. मग चहाच्या कपबश्या उचलून ती मोरीकडे गेली.

दौलतला वाटलं, झालं. आठवडाभर तो जरा जास्तच हसून बोलत होता.

ऑगस्टातला रविवार. कलावती रतनची गोधडी पसरून बसली होती. पायथ्याशी हिरव्या लुगड्याचा वीतभर तुकडा लावून धावदोरा घालत होती.

दौलत म्हणाला, "आता काय मोठी करतेस? पाय आखडून झोपायला सांग की तिला."

"दोन महिने आखडूनच झोपतीय."

"मग?"

"मग काय. पोरगी वाढली म्हणून पाय कापू व्हय तिचे?" कलावतीने दात लावून दोरा तोडला. "तुमच्या बापाला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं, अंथरुणाला तुकडा जोडता येतो. शिवायला कधी बसला असता तर कळलं असतं."

ती चिडून बोलली नव्हती. सुई पुन्हा दोरा ओवायला तिने त्याच्याचकडे दिली.

दौलतने दोरा ओवला. तीनदा चुकला. बायको पंधरा वर्षं त्याच्यासमोर गोधड्या लांब करत होती, रुंद करत होती, आणि त्या म्हणीत जे अंथरूण होतं ते आपल्या बापाने कुणाच्या हातचं घेतलं होतं, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. बाप पाय उघडे टाकून गेला. ती चादर लहान होती एवढंच.

सोमवारी दौलत कामावर गेला नाही. फळीवरचा अर्ज काढला, सही केली, शाळा भरायच्या आधी जोगळेकरबाईंना गाठलं. बाईंनी अर्ज वाचला, घडी घातली आणि हलक्या हाताने परत दिला. जागा जूनमध्येच भरली होती. कल्याणची ती जागा ठाण्याच्या एका मुलीला गेली. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी त्या वर्षीच्या मुली.

घरी येऊन त्याने रतनला सांगितलं, "शाळेत गेलेलो."

ती तांदूळ निवडत होती. "कशाला गेलात, बाबा? ती जागा मीच सोडली. बाई थांबायला तयार होत्या, मी म्हटलं दुसऱ्या कुणाला द्या, फुकट जायला नको."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही बोललात ना तेव्हा," रतन म्हणाली. "मला वाटलं, खरंच असेल."

तिने सुपातले तांदूळ पाखडले. दौलत उभा राहिला, मग बसला. अर्ज अजून त्याच्या खिशात होता.

दौलतला सही करायला रतननेच शिकवलं होतं, एकोणपन्नास सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, पाटीवर, चार दिवसांत.